तिसऱ्या दिवसाची फुंकर

यंत्र वाजलं ते माझ्यावर. सगळी तयारी आबांसाठी केलेली, आणि वाजलं माझ्यावर. आबा त्र्याऐंशीचे, त्यांची फुफ्फुसं लहानपणी तायपा बेटावरच्या फटाक्यांच्या कारखान्यात आणि पुढे सिगारेटींवर खर्ची पडलेली, म्हणून आठवडाभर मी नुसते बेत करत होते. जुगारखान्यात जायचं सकाळी दहाला, रात्रीचे लोक झोपायला गेलेले आणि दिवसाचे अजून आलेले नसतात तेव्हा. मास्क एकावर एक दोन. नाकातली तपासणी गुरुवारीच करून घेतली होती, कारण तिचा निकाल सातच दिवस चालतो. फोनवर आरोग्याचा हिरवा चौकोन, एक माझा, एक त्यांचा. आत काही खायचं नाही, प्यायचं नाही, कशाला उगाच हात लावायचा नाही, एकच डाव खेळायचा आणि घरी. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "मोजे तरी माझ्या पसंतीचे घालू देशील का?" आणि लाल मोजे घातले. फोन दाखवायचं टेबल दारातच होतं, तिथे आम्ही दोघं मिळून पुढे सरकलो. मग ताप मोजणाऱ्या कॅमेऱ्यासमोरून एकेकाने जायचं होतं. आबा गेले, पडद्यावर त्यांचा चेहरा शांत निळसर उमटला, आणि ते तसेच पुढे चालत राहिले. त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही. मग मी गेले, आणि पडद्यावर माझं डोकं नारिंगी झालं आणि यंत्र वाजलं. सदतीस पूर्णांक सहा.

"मावशी, जरा बाजूला या," टोपी घातलेली मुलगी म्हणाली. तिच्या छातीवरच्या पट्टीवर इओक असं आडनाव होतं. "पंधरा मिनिटं बसा, मग पुन्हा बघू. सोबत कोणी आहे?"

आबांची पाठ तिसऱ्या खांबापाशी पोचली होती. राखाडी कोट, किंचित वाकलेला, उजवा हात मागे कमरेवर. हो म्हटलं असतं तर त्यांना परत बोलावलं असतं, माझ्या शेजारी दोन हात अंतरावर बसवलं असतं, आणि ताप उतरला नसता तर दोघांना एकाच गाडीतून इस्पितळात नेलं असतं. मी म्हणाले, "नाही. एकटीच आहे." चिनी नववर्षाच्या तिसऱ्या दिवशी, ज्या दिवशी तोंड सांभाळून बोलायचं असतं, त्या दिवशी मी इतक्या सहज खोटं बोलले की माझं मलाच नवल वाटलं. आबा खांबाआड गेले. गेल्या सत्तावीस वर्षांत ते या असल्या जागी एकटे आत गेले नव्हते.

खुर्ची निळ्या पट्टीने आखलेल्या चौकोनात ठेवली होती. मी बसले आणि लगेच मानेपासून वर तो लोंढा चढला, कानांच्या पाळ्या पेटल्या, कपाळावर घाम फुटला. मला कळलं काय ते. चोपन्नावं चालू आहे, पाळी जाऊन वर्ष झालं, आणि हा वणवा दिवसातून चार वेळा येतो आणि जातो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, घाबरायचं काही नाही. पण साथीच्या दिवसांत शरीराचं गरम होणं आता एकट्या शरीराचं उरलं नव्हतं. ते सगळ्या शहराचं झालं होतं. आणि समजा, हे ते नसलंच तर? समजा, खरंच ताप असला तर? रोज सकाळी आबांचं औषध मीच काढून देते, त्यांच्या ऑक्सिजनच्या यंत्राची नळी मीच पुसते, त्यांच्या उशीची खोळ मीच बदलते. मी मास्कच्या आतून जोराने श्वास घेतला. वास गेला की समजायचं, असं सगळे सांगत. हाताला लावलेल्या औषधाचा वास आला नाही. गालिच्याचा आला नाही. दारात ठेवलेली संत्र्याची झाडं होती, लहान लहान संत्री लगडलेली, त्यांचा आला नाही. मग कुठूनतरी, अगदी खरा, जळक्या पेजेचा वास आला.

तांदळाची पेज तळाला लागली की आधी गोडसर वास येतो, दूध आटवल्यासारखा, आणि मग तो कडू होत जातो. आमचं पेजेचं दुकान होतं, रस्त्यावर चार बाकं आणि आत एक भलंमोठं पातेलं. आबा पहाटे डुकराची हाडं आणायला बाजारात जात. बाजार गोदीजवळ, आणि गोदीजवळच तरंगता जुगारखाना. कधी तासाभरात हाडं घेऊन यायचे, कधी दुसऱ्या दिवशी दुपारी हाडांशिवाय. आई पातेलं ढवळत असायची, गिऱ्हाईक बघायची, रस्त्याकडे बघायची, आणि रस्त्याकडे बघता बघता ढवळायची थांबायची. शाळेतून येताना कोपऱ्यावरच मला तो वास यायचा आणि मला समजायचं की आबा घरी नाहीत. आई ओरडायची नाही. वरची चांगली पेज दुसऱ्या भांड्यात ओतायची आणि तळ खरवडत बसायची, रात्री जेवणापर्यंत. त्या खरवडण्याच्या आवाजाने माझे दात शिवशिवायचे. दुसऱ्या दिवशी आबा यायचे, हात धुवायचे, मला मांडीवर घ्यायचे आणि चमच्यातल्या पेजेवर फुंकर घालायचे. लांब, संथ, एकसारखी फुंकर, पेजेवरची साय नुसती थरथरायची, थेंब उडायचा नाही. तशी फुंकर मी नंतर कुणाची पाहिली नाही. मी त्यांच्यावर रागावलेली असायचे आणि तोंड उघडायचे.

इथून आतला नुसता एक तुकडा दिसत होता. त्या तुकड्यात छताचं रंगवलेलं आभाळ होतं. वर्षानुवर्षं तिथे एकच वेळ असते, दिवेलागणीच्या थोडी आधीची, ढगांच्या कडा गुलाबी. एरवी त्या आभाळाखाली इतकी माणसं असतात की वर कोण बघतं? आज खाली कोणी नव्हतं, तर ते आभाळ खाली आल्यासारखं वाटत होतं. एक बाई मोठ्या फडक्याने टेबलावरच्या काचा पुसत होती. एका मांडणीत निम्म्या खुर्च्या उलट्या ठेवल्या होत्या, माणसांत अंतर राहावं म्हणून. कुठेतरी यंत्रांचं संगीत चालू होतं, कोणी खेळत नसताना ती आपसात गुणगुणतात तसं. मला झोप आल्यासारखं झालं. मला वाटलं, आपण या आभाळाच्या उंबरठ्यावर बसलो आहोत आणि आबा आत गेले आहेत, आणि ही साथीची गोष्टच नाही, हे पुढे होणारच होतं, फक्त त्याची तालीम चालली आहे. मग मी स्वतःला चिमटा काढला. नववर्षाच्या तिसऱ्या दिवशी असं मनातही आणायचं नाही.

तिसऱ्या दिवशी कोणी कोणाकडे जात नाही. गेलं की भांडणं होतात म्हणतात. पहिला दिवस मोठ्यांकडे, दुसरा माहेरी, आणि तिसरा मोकळा. मी सरकारी नोकरीत लागले त्या वर्षी आईने हा दिवस हेरला. मी सव्वीसची होते, बागा आणि झाडं सांभाळणाऱ्या खात्यात लागले होते, पोर्तुगीजांचं राज्य संपायला पाच-सहा वर्षं होती. नेमणुकीच्या कागदांत एक कलम होतं: सरकारी नोकराने जुगारखान्यात पाऊल ठेवायचं नाही, नव्या वर्षाचे पहिले तीन दिवस सोडून. मी ते हसत हसत आईला वाचून दाखवलं. आई हसली नाही. तिने मला पुन्हा वाचायला लावलं. मग तिने आबांना स्वयंपाकघरात बोलावलं, जळलेलं पातेलं पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, "यापुढे ही आपली हान जाईल तेव्हाच तुम्ही जायचं. तिच्याबरोबर. एकटं नाही."

"पण तिला तीनच दिवस मोकळीक आहे," आबा म्हणाले.

"मग तीनच दिवस. ते सरकारने दिलेत, मी नाही दिले."

आबा पातेल्याकडे बघत राहिले. मला वाटलं, हसण्यावारी नेतील. पण ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "तुला चालेल का, पोरी?" जणू मीच त्यांना कुठे न्यायचं कबूल करत होते. मी हो म्हणाले. त्यानंतर पेज कधी जळली नाही. आई गेली त्यालाही आता पाच वर्षं होतील, आणि तरी जळली नाही. तीन दिवसांचा त्यांनीच एक दिवस केला, आणि एका दिवसाचा एक डाव. वर्षभर ते त्या एका डावाची गोष्ट सांगायचे. पत्ता कसा उचलला, कडेला काय दिसलं, फुंकर कशी घातली. कारण आमच्याकडे पत्त्यावर फुंकर घालतात. कडेने हळूहळू वाकवत उचलायचा, आणि नको असलेलं चिन्ह उडून जावं म्हणून त्यावर फुंकायचं. पहिल्या वर्षी मी शेजारी उभी होते आणि आबांनी तोंड खाली नेऊन फुंकर घातली तेव्हा मी अभावितपणे माझं तोंड उघडलं होतं. सव्वीस वर्षांची घोडी, आणि तोंड उघडून उभी.

"मावशी, पुन्हा बघूया," इओक म्हणाली. कपाळावर हातातलं यंत्र धरलं. सदतीस पूर्णांक तीन. "अजून दहा मिनिटं. पाणी हवंय का? इथे पिता येईल, आत नाही."

"अगं, हा ताप नाही," मी म्हणाले. मग आवाज खाली आणला. "वयाचं आहे. येतं आणि जातं."

तिच्या मास्कच्या वरचे डोळे क्षणभर गोंधळले आणि मग हसले. "माझ्या आईलाही होतं! ती फ्रीज उघडून त्याच्यासमोर उभी राहते. बाबा ओरडतात, कोबी सडेल म्हणून. पण मावशी, यंत्राला काय सांगणार? त्याला आई नाही." ती परत आपल्या जागी गेली आणि पाठ सरळ करून उभी राहिली. मला ती फार आवडली आणि तिच्याशी खोटं बोलल्याची लाज वाटली.

एकच खोटं असतं तर ठीक होतं. दुसरं खोटं घरातलं होतं, अडीच महिन्यांचं. डिसेंबरात मी निवृत्ती घेतली होती. सत्तावीस वर्षं मी शहरातल्या जुन्या वडांची, शिवणींची मोजदाद ठेवली, लाकडी हातोडीने खोडावर टकटक करून कान लावला, आतून पोकळ झालंय का ते ऐकलं. मग ऑक्टोबरात इस्पितळात त्यांनी आबांना एका नळीत फुंकायला सांगितलं. नळीत एक काटा होता. आबांनी गाल फुगवले, डोळे मिटले, सगळा जीव ओतला, आणि काटा जेमतेम हलला. ज्यांची फुंकर पेजेवरची साय थरथरवायची, ते काट्याकडे बघून म्हणाले, "हे यंत्र बिघडलंय." डॉक्टर मला बाहेर घेऊन म्हणाले, हा हिवाळा काढतील, पुढचं काही सांगता येत नाही. मी दुसऱ्या दिवशी अर्ज टाकला. त्यांच्याजवळ राहता यावं म्हणून. आणि तो मंजूर झाला त्या दिवशी बसमध्ये माझ्या लक्षात आलं की आता त्या कलमाचा माझ्याशी काही संबंध उरला नाही. मी कुठल्याही दिवशी आत जाऊ शकते. आणि मी जाऊ शकते म्हणजे आबा जाऊ शकतात. आईने घातलेलं कुंपण मी सहीनिशी काढून टाकलं होतं.

म्हणून सांगितलं नाही. रोज सकाळी डबा घेऊन निघायचे, एखाद्या वडाखाली बसायचे, दुपारी परत यायचे, साथीमुळे अर्धाच दिवस काम आहे म्हणायचे. त्यांना सांगितलं आणि ते रोज म्हणाले, चल, तर? हे भय एकीकडे. आणि दुसरीकडे रात्री त्यांच्या खोलीतलं यंत्र घरघरत असायचं आणि मी पडल्या पडल्या विचार करायचे, माणसाला वर्षभरात आवडती गोष्ट एकच, त्याचा हा शेवटचा हिवाळा, आणि मी दाराची किल्ली उशीखाली घेऊन झोपले आहे. आई असती तर तिने काय केलं असतं? आई असती तर तिने मला पुन्हा वाचायला लावलं असतं. आणि आता तर किल्लीचाही प्रश्न नव्हता. ते आत होते. पाऊण वाटेवर वळून पाहिलं असेल, मी दिसले नसेन, आणि मग? खिशात वर्षभर जपलेल्या नोटा, डोक्यावर ते गुलाबी आभाळ, समोर रिकामी टेबलं. एक डाव, मग आणखी एक. सत्तावीस वर्षांचा उपास सोडायला अर्धा तास पुष्कळ झाला. मला पुन्हा तो वास आला, गोडसर, अजून कडू न झालेला.

तिसऱ्यांदा छत्तीस पूर्णांक आठ आलं. "जा मावशी," इओक म्हणाली, "आणि जिंकलात तर फ्रीज घ्या, दुसरा." मी हसले. मग पाय जमिनीला लागतायत की नाही ते कळेना इतक्या घाईने आत गेले. गालिचा जाड होता, माझ्या चालण्याचा मलाच आवाज येत नव्हता. पहिल्या रांगेत नाहीत. दुसऱ्या रांगेत एक जोडपं मधल्या काचेतून एकमेकांशी बोलत होतं. तिसऱ्या रांगेच्या टोकाला राखाडी कोट दिसला. आबा उभे नव्हते. टेबलाशी बसले होते. समोर त्यांची एक गोल चिप होती. मी तिथेच थांबले, सहा-सात पावलांवर, आणि मनात पहिल्यांदाच त्यांच्यावर इतकी चिडले की आईला हाक मारावीशी वाटली.

"या, या," पत्ते वाटणारी बाई मला म्हणाली. चाळिशीतली, चुणचुणीत, हात टेबलावर आणि डोळे सगळीकडे. "तुम्हीच ना त्या? आजोबा कधीचे सांगतायत, माझी मुलगी येतेय. चौदा डाव झाले, खेळायचं नाव नाही. मी म्हटलं, आजोबा, जागा अडवून बसू नका, निम्म्याच खुर्च्या आहेत. तर म्हणे, गर्दी झाली की उठतो. आता कुठून व्हायची गर्दी!"

मी चिपकडे पाहिलं. ती खेळायच्या चौकटीच्या बाहेर होती, कडेला, त्यांच्या बोटाखाली.

"कुठे होतीस?" आबा म्हणाले. "मला वाटलं, बाथरूमला गेलीस. त्यात मला त्या अपशकुनी मोठ्या दरवाजातून आणलंस. जन्मात कधी मी मोठ्या दरवाजाने आत आलो नाही. बाजूची दारं बंद काय, हात धुवायला लावणं काय. आत येताना कोणी हात धुतं? असलेलं नशीबही वाहून जायचं."

"माझा चेहरा यंत्राला आवडला नाही," मी म्हणाले. मला रडू येत होतं आणि चष्म्यावर वाफ धरत होती. मी त्यांच्या शेजारची एक खुर्ची सोडून बसले.

आबांनी चिप पुढे सरकवली. आमची बाजू आणि टेबलाची बाजू, दोन दोन पत्ते. ज्याची बेरीज नवाच्या जास्त जवळ तो जिंकला, आणि दहा झाले की शून्य. आमच्याशिवाय कोणी नव्हतं, म्हणून पत्ते उलटायचा मान आबांचा. "तुमचे आधी," ते म्हणाले, आणि बाईने टेबलाचे पत्ते उघडले. आठ. नुसते आठ. आता आम्हाला नऊच हवे होते. आबांनी पहिला पत्ता उलटला, दोन. दुसरा त्यांनी लांब बाजूने धरला, अंगठ्याने कड दाबली, आणि केसभर उचलला. कडेने बदामाची तीन टोकं दिसली. म्हणजे सहा, सात नाहीतर आठ. "बघ हान, सहा असेल तर मध्ये काही नाही," ते हळूच म्हणाले, जणू मला ठाऊकच नव्हतं. "सात असेल तर मध्ये एक. आठ असेल तर दोन. आपल्याला एकच ठेवायचंय. दोन असतील तर एक उडवायचंय." आणि ते पत्त्यावर वाकले, श्वास घेतला, आणि खोकले.

तो साधा खोकला नव्हता. एकदा सुरू झाला की आतून सगळं ओढून आणणारा. क्षणात त्या सगळ्या दालनाचं लक्ष आमच्याकडे वळलं. काचेपलीकडचं जोडपं खुर्च्यांसकट मागे सरकलं. कोपऱ्यातला रखवालदार कानाशी हात नेऊन बोलू लागला. बाईचे हात टेबलावरून उचलले गेले आणि तसेच हवेत राहिले. मी उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. हाताखाली ती पोकळी मला ओळखता आली, झाडांत ऐकलेली. "जुना आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "फार जुना खोकला आहे. तपासणी केलेली आहे. फटाक्यांच्या कारखान्याचा आहे हो." खोकला थांबला. आबांनी मास्क वरून दाबून बसवला, डोळे पुसले, आणि पत्त्यावरचं बोट एवढ्या वेळात एकदाही उचललं नव्हतं.

"वारा नाही उरला," ते म्हणाले. हे त्यांनी कधी कबूल केलं नव्हतं, नळीपुढेही नाही. त्यांनी पत्ता तसाच दाबून धरून माझ्या बाजूला सरकवला. "तू फुंक."

मी वाकले. मी मास्कमधून जेवढा होता तेवढा श्वास सोडला, लांब, संथ, एकसारखा. तो बाहेर गेलाच नाही. सगळा माझ्याच चेहऱ्यावर परत आला, गरम, ओलसर, आणि चष्मा पांढरा झाला. मला काही दिसेना. त्या पांढऱ्यात मी आबांचं हसणं ऐकलं, बारीक, घशातल्या घशात. पत्ता उलटल्याचा आवाज आला. बाई म्हणाली, "आठ. बेरीज शून्य," आणि मग, नियमात नसूनही, "वाईट झालं आजोबा."

"मास्कमधून कुठे जाते का फुंकर!" आबा म्हणाले. ते अजिबात खट्टू झाले नव्हते. उठले, माझ्या दंडाला धरलं. "पण घातलीस झकास. अगदी साय हलेल अशी. चल, पुढच्या वर्षी बघू."

बाहेर जायला मात्र बाजूचं दार उघडं होतं. तिकडे जाताना आभाळ आमच्याबरोबर चालत होतं, तोच गुलाबी ढग, तीच वेळ. आबा दर दहा पावलांवर थांबत होते. पुढच्या वर्षी, ते म्हणाले होते. त्यांच्या पकडीचं वजन माझ्या दंडावर होतं, ते गेल्या वर्षीपेक्षा कमी होतं, आणि मला अचानक ते सहन होईना. चौदा डाव ते हात आखडून बसले होते. माझी वाट बघत. आता याहून काय सिद्ध करायचं राहिलं होतं? कुणासाठी मी ती किल्ली जपत होते?

"आबा," मी म्हणाले, "उद्या येऊ."

"उद्या चौथा दिवस."

"असू दे. मला आता बंदी नाही. मी नोकरी सोडली. डिसेंबरात. आपण उद्या येऊ शकतो, परवा येऊ शकतो. तुम्हाला हवं तेव्हा."

ते थांबले. माझा दंड सोडला. मला वाटलं, ते चकित होतील, रागावतील, पोरासारखे खूश होतील. ते वर रंगवलेल्या ढगाकडे बघत राहिले.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "सरकारी पाकीट आलं होतं, निवृत्तिवेतनाचं. सही मीच केली. तू आंघोळीला गेली होतीस. तुझ्या टेबलावर ठेवून दिलं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? रोज सकाळी तू डबा घेऊन निघालीस की मी देवापुढे उदबत्ती लावायचो." त्यांचा आवाज मास्कच्या आत बारीक झाला. "हिने मला सांगू नये, म्हणून. तू सांगत नव्हतीस तोवर बंदी होती. बंदी होती तोवर मला झोप लागत होती. माझं मला कधी आवरता आलं नाही, हान. तुझ्या आईने आवरलं, मग तू. आज त्या खुर्चीवर बसलो होतो, तेव्हा हात या मांडीखाली दाबून ठेवला होता. विचार त्या बाईला." त्यांनी उजवा हात पुढे केला. पंजा लालसर झाला होता, कोटाच्या शिवणीचा वळ अजून उमटलेला. "आता सांगितलंस. आता मी काय करू?"

मी तो हात धरला. इतक्या वर्षांत मला वाटलं होतं, कुंपण आम्ही त्यांच्याभोवती घातलंय. ते आतून धरून उभे होते हे मला दिसलंच नव्हतं. मला फार फार वाईट वाटलं, आणि बोललेले शब्द परत कसे घ्यायचे ते समजेना. बाजूच्या दारातून खरा उजेड येत होता, पांढरा, साडेदहा-अकराचा. कोणीतरी आत येऊ पाहत होतं आणि रखवालदार त्यांना मोठ्या दरवाजाकडे पाठवत होता.

"पुन्हा बोल," आबा म्हणाले. "मघाचं नको. दुसरं काहीतरी बोल. उद्याचं विचारतो मी तुला. उद्या यायचं का?"

मी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"उद्या नाही जमणार, आबा," मी म्हणाले. "उद्या कामावर जायचंय मला."

"किती वाजता?"

"नऊला. टेकडीवरच्या वडाची तपासणी आहे."

"मोठा आहे?"

"खूप मोठा. आतून पोकळ झालाय थोडा, पण उभा आहे."

त्यांनी मान हलवली, पुन्हा माझ्या दंडाला धरलं आणि दाराकडे निघाले. "मग लवकर घरी चल," ते म्हणाले. "पेज टाकतो. तू नुसती ढवळ, माझ्याकडे बघत बसू नकोस."